पाचशे रुपये भरण्याआधी कागद मागा

या महिन्याची पत्रं उघडत गेले आणि एकामागून एक तोच मजकूर निघाला. दहा-बारा वर्षांपूर्वीचं, विस्मरणात गेलेलं कर्ज, अनोळखी नंबरवरून सुरू झालेले फोन, आणि घरात सांगायचं कसं ही लाज. मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, शेवटची नऊ वसुली विभागात. तुम्हाला आज जे फोन येतात तसे मी केलेले आहेत. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त ही चार पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी चिंचवडला राहतो, वय ५१. २०१२ मध्ये एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. २०१५ च्या सुरुवातीला मी काम करत होतो ते वर्कशॉप बंद पडलं. मार्च २०१५ मध्ये शेवटचे तीन हजार भरले, त्यानंतर एक रुपयाही भरू शकलो नाही. तेव्हा बाकी ४८ हजारांच्या आसपास होती. वर्षभर फोन आले, मग थांबले. आता दोन महिन्यांपासून ‘लीगल डिपार्टमेंट’ म्हणून फोन येतात. बाकी २ लाख ३६ हजार सांगतात. जमणार नाही म्हटलं तर म्हणतात, ‘आज फक्त पाचशे भरा, फाईल होल्डवर टाकतो. आणि उरलेले कधी देणार ते एका कागदावर लिहून, सही करून व्हॉट्सॲपवर पाठवा.’ माझ्या थोरल्या भावाला फोन करून ‘तुमचा भाऊ फरार आहे’ असं सांगितलं. पोलीस घेऊन येतो म्हणतात. लोकअदालतीची एक नोटीसही मोबाईलवर आली आहे. मुलीचं लग्न जमवतोय. पाचशे भरून टाकू का?

उत्तर : नका भरू. आणि तो कागद तर मुळीच लिहून देऊ नका.

आधी तारखा मांडू. क्रेडिट कार्ड म्हणजे विनातारण कर्ज. अशा कर्जासाठी कोर्टात दावा लावायला १९६३ च्या मुदत कायद्यानं तीन वर्षं दिली आहेत. तुमचा शेवटचा भरणा मार्च २०१५ चा. त्यानंतरचं पहिलं बिल थकलं तिथून मोजलं तरी २०१८ च्या मध्यापर्यंत बँकेनं दावा लावायला हवा होता. तो लावला नसेल तर आज लावून उपयोग नाही. मुदतबाह्य दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो, तुम्ही तो मुद्दा काढला नाहीत तरीही. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता. ज्यांची तीन वर्षं तेव्हा चालू होती त्यांनी तो काळ वजा करूनच हिशेब करावा. तुमची मुदत त्याच्या आधीच संपलेली दिसते.

‘दिसते’ म्हणाले, कारण एक गोष्ट तुम्हाला स्वतः तपासावी लागेल. २०१५ ते २०१८ च्या दरम्यान तुमच्यावर दावा लागला होता का? वर्कशॉप बंद पडल्यावर तुम्ही घर बदललं असेल, तर समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेलं असेल आणि तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा आदेश, झालाही असेल. तसा हुकूमनामा असेल तर बजावणीसाठी त्याला बारा वर्षं मिळतात आणि मग माझं हे सगळं उत्तर बदलतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो. तुमच्या नावाची जितकी स्पेलिंगं कार्डावर, आधारवर, जुन्या बिलांवर आहेत तितकी टाकून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आजच करा.

आता पाचशे रुपये. याला आम्ही ‘टोकन’ म्हणायचो. टोकन आलं की ‘खातं हललं’ अशी नोंद व्हायची आणि साहेब खूश व्हायचे. कायद्यात त्याचं महत्त्व असं आहे : तीन वर्षं चालू असताना तुम्ही काही भरलंत आणि त्याची तुमच्या सहीची नोंद राहिली, किंवा बाकी आहे असं सही करून मान्य केलंत, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. मुदत संपल्यानंतर नुसते पाचशे भरले म्हणून मेलेला दावा उठून बसत नाही. म्हणून तर ते सोबत कागद मागतात. ‘उरलेले अमुक तारखेपर्यंत देईन’ असं सही करून लिहून दिलं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य कर्जाचंही ते नवं, पक्कं वचन होतं. तुमच्या सहीनं नवा करार तयार होतो आणि त्यावर दावा लावायला त्यांना पुन्हा तीन वर्षं मिळतात. पाचशेची नोट गेली तर गेली, पण त्या कागदावर २ लाख ३६ हजारांचा आकडा तुम्ही स्वतःच्या हातानं मान्य केलेला असेल. व्हॉट्सॲपवर, ईमेलवर, कुठेही ‘हो, देणं आहे, थोडा वेळ द्या’ असं लिहू नका. गयावया करताना माणूस नेमकं हेच लिहितो.

फोनवर काय बोलायचं? एकच वाक्य. ‘जे काय आहे ते लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देईन.’ मग फोन ठेवायचा. वाद घालायचा नाही, आपली कहाणीही सांगायची नाही. वर्कशॉप कसं बंद पडलं, मुलीचं लग्न कसं जमतंय, हे फोन करणाऱ्या मुलाला सांगितलंत की तो ते लिहून घेतो आणि पुढच्या फोनमध्ये तेच तुमच्यावर वापरतो. आमच्याकडे त्यासाठी फाईलमध्ये ‘शेरा’ नावाचा रकाना होता. त्यात मी स्वतः लिहिलेलं मला आठवतं : ‘मुलगी लग्नाची. दबाव शक्य.’ हे मी लिहिलं होतं, आणि आज तुमचं पत्र वाचताना मला ते फार लागलं.

हे फोन बँकेतून येत आहेत, की बँकेनं तुमचं खातं एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं आहे, हेही ठाऊक असायला हवं. थकलेली खाती अशी गठ्ठ्यानं विकली जातात. विकत घेणाऱ्याला बँकेचेच हक्क मिळतात, जास्त नाही. खातं विकल्यानं मुदत नव्यानं सुरू होत नाही. फोन करणारा मुलगा मात्र बहुधा यांतल्या कुणाचाच नोकर नसतो, तो एजन्सीचा असतो. त्याच्याजवळ ओळखपत्र आणि ज्यांच्या वतीनं तो बोलतो त्यांचं अधिकारपत्र असलं पाहिजे. ते दाखवल्याशिवाय त्याच्याशी आकड्यांवर बोलायचं कारण नाही.

खाली एक मसुदा देते. बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि हेच स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवा.

‘माझे सर्व हक्क राखून हे पत्र लिहीत आहे. आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितलेली रक्कम मला मान्य नाही. या पत्रातला कोणताही मजकूर कर्जाची कबुली किंवा परतफेडीचं वचन समजू नये. कृपया मूळ करार, खातं सुरू झाल्यापासूनचा पूर्ण उतारा, शेवटच्या भरण्याची तारीख, खातं विकलं असल्यास हस्तांतराचा कागद आणि आपल्या एजंटाचं अधिकारपत्र पाठवावं. यापुढचा व्यवहार लेखीच व्हावा. माझ्या नातेवाइकांशी संपर्क साधू नये.’

यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य वगळू नका. एरवी चांगल्या मनानं लिहिलेलं पत्रच कबुली म्हणून समोर येतं.

४८ हजारांचे २ लाख ३६ हजार कसे झाले, हे उतारा आल्यावरच कळेल. बरेच वाचक मला दामदुपटीचा जुना नियम लिहून पाठवतात, की व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. सावकारीच्या व्यवहारात त्याला अर्थ आहे. बँकेच्या कार्डाबाबत मात्र त्यावर विसंबून राहू नका.

भावाला केलेला फोन ही तुमची सगळ्यात बळकट तक्रार आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलं आहे : थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, आणि कर्जदाराच्या घरच्यांच्या, मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरकाव नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेची. भावाकडून त्या फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून घ्या. यापुढचे फोन रेकॉर्ड करा. बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पोलिसांबद्दल. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. ‘पोलीस घेऊन येतो’ म्हणणाऱ्याला ‘या’ म्हणा. धमक्या वाढल्या तर तुम्हीच चौकीत जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकावणं हा गुन्हा आहे, निदान एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवून तिची प्रत घ्या. मात्र एक अपवाद सगळ्यांनीच लक्षात ठेवावा. चेक वटला नाही तर फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून तडजोडीच्या नावाखाली कुणी पुढच्या तारखेचे किंवा कोरे चेक मागितले तर देऊ नका. दिवाणी मामला तिथे आपण स्वतः फौजदारी करून देतो.

मोबाईलवर आलेली लोकअदालतीची नोटीस नीट वाचा. ती खरोखर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची आहे का, तारीख आणि ठिकाण आहे का, प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून खात्री करा. खरी असली तरी दाव्यापूर्वीच्या लोकअदालतीचं ते तडजोडीचं बोलावणं आहे, वॉरंट नाही. गेलात तर नुसत्या जाण्यानं काही बिघडत नाही. पण तिथे केलेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही, त्यामुळे न समजता सही करण्याची जागा ती नव्हेच. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र कधीही घरी बसू नका. मुदत संपलेली असो वा नसो, त्या तारखेला हजर राहायचं, वकिलामार्फत लेखी कैफियत द्यायची. ‘कर्ज जुनं आहे, काही होत नाही’ म्हणून घरी बसलेल्या माणसावर एकतर्फी हुकूमनामा झालेला मी पाहिला आहे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मुदत संपली म्हणजे कर्ज माफ झालं असं नाही. कोर्टाचं दार बंद होतं, देणं उरतं. बँक नम्रपणे मागू शकते आणि तुम्हाला द्यावंसं वाटलं तर तो तुमचा निर्णय आहे, त्यात कमीपणा नाही. चार पैसे गाठीला आल्यावर एकरकमी तडजोड करायची असेल तर क्रम असा : आधी बँकेच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र, त्यात ‘या रकमेत खातं पूर्ण मिटलं’ असा मजकूर. मग पैसे, तेही बँकेच्या खात्यात, एजंटाच्या यूपीआयवर नाही. मग नो ड्यूज दाखला. पत्राआधी रुपया नाही. कमी रकमेत मिटवलंत तर क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, ‘क्लोज्ड’ नव्हे, आणि नवं कर्ज घेताना तो आडवा येतो हेही आधीच माहीत असू द्या. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आधी काढा. हे खातं त्यात कुणाच्या नावावर, किती बाकीचं आणि कोणत्या तारखेला थकलेलं दाखवलं आहे, ते बघा. तुमच्या हातात पुराव्याचा तो पहिला कागद असेल.

आणि भावाशी आज रात्रीच बोला. फरार नाही, घरात आहे, २०१५ मध्ये नोकरी गेली होती, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. होणाऱ्या व्याह्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण घरच्यांना माहीत असलं की त्या फोनमधली निम्मी ताकद जाते.

प्रश्न : मी संगमनेर तालुक्यात शिक्षक आहे. २०११ मध्ये मित्राच्या ४ लाखांच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिलो. त्यानं कर्ज बुडवलं. २०१६ मध्ये ‘१०१ चा दाखला’ झाल्याचं पत्र आलं होतं, मी दुर्लक्ष केलं. आता वसुली अधिकाऱ्यानं आमच्या मुख्याध्यापकांना पगारकपातीचं पत्र दिलं आहे. तीन वर्षांनी कर्ज मुदतबाह्य होतं असा मेसेज फिरतोय. तो मला लागू होतो का?

उत्तर : सर, वाईट वाटतं सांगायला, पण नाही. वरच्या पत्राचं उत्तर तुम्हाला चालणार नाही.

पतसंस्थेचा रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांनी वसुली दाखला दिला की तो थकबाकीचा निर्णायक पुरावा ठरतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे २०१६ मध्ये तुमच्या बाबतीत जवळजवळ निकालच लागला होता. ते पत्र टेबलावर पडून राहिलं ही खरी चूक. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण वसूलपात्र रकमेच्या पन्नास टक्के आधी भरावे लागतात आणि इतक्या वर्षांच्या उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. नोटीस मिळालीच नव्हती, सही तुमची नव्हतीच, असं काही असेल तर सहकार कायद्यातल्या वकिलाला कागद दाखवा. ‘आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या’ हा युक्तिवाद मात्र जामीनदाराला मिळत नाही. करार कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच ठेवली आहे.

पगाराचं बघा. जामीन राहताना ‘पगारातून कपात करावी’ असं संमतीपत्र तुम्ही दिलं होतं का? फॉर्मच्या गठ्ठ्यात ते बहुधा असतं आणि सही करताना कुणी वाचत नाही. दिलं असेल तर मुख्याध्यापकांचे हात बांधलेले आहेत, त्यांच्यावर राग धरू नका.

तुमच्या हातात दोन गोष्टी उरतात. संस्थेत सामोपचार योजना चालू आहे का ते विचारा, त्यात व्याजाला मोठी कात्री लागू शकते. आणि जे भराल त्याच्या प्रत्येक पावतीवर ‘जामीनदार म्हणून’ असं लिहून घ्या. कर्ज फेडणारा जामीनदार कर्ज देणाऱ्याच्या जागी येतो, भरलेली रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो, संस्थेकडे त्याचं काही तारण असेल तर त्याच्यावरही. त्यासाठी तुम्हालाही भरल्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत आहे. मैत्रीखातर ती जाऊ देऊ नका. निदान मित्राला एक लेखी नोटीस द्या. तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय की तो आता बोलत नाही. मग संकोच कुणाचा धरताय?

प्रश्न : माझं कसलंही कर्ज नाही. जुन्या रूममेटनं कुठल्यातरी ॲपवरून कर्ज घेताना माझा नंबर दिला असावा. मला रोज वीस-वीस फोन, शिव्या, आणि माझा फोटो वाईट चित्रावर चिकटवून मैत्रिणींना पाठवण्याची धमकी. मी नाशिकला शिकते. घरी सांगितलेलं नाही.

उत्तर : आजच आईला सांग. मग हे कर.

तू कुणाचं काहीही देणं लागत नाहीस. नंबर दिला म्हणून कुणी जामीनदार होत नाही, त्याला तुझी सही लागते. त्यांच्याशी बोलू नकोस, पैसे तर पाठवूच नकोस, एकदा पाठवले की मागणं थांबत नाही. सगळे मेसेज, नंबर, धमक्या यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेव, नंबर ब्लॉक करण्याआधी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदव, १९३० वर फोन कर, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आईला घेऊन जा. फोटोची धमकी हा वसुलीचा नव्हे, गुन्हेगारीचा मामला आहे. मैत्रिणींना आधीच सांगून ठेव की असं काही येईल, ते खोटं आहे, उघडू नका आणि पुढे पाठवू नका. लाज त्यांनी बाळगायची आहे, तू नाही.

प्रश्न : ताई, माझ्या भाचीकडून लिहून घेते आहे. आम्ही विट्याजवळ राहतो. मालक टेम्पोवर ड्रायव्हर होते. २०२१ मध्ये त्यांनी आईच्या दवाखान्यासाठी एका फायनान्स कंपनीकडून दीड लाख घेतले. नोव्हेंबर २०२३ ला ते गेले. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, दोन मुलं शाळेत. घर सासऱ्यांनी त्यांच्या कमाईतून बांधलेलं, त्यांच्याच नावावर. मालकांच्या खात्यात ११ हजार होते आणि एक मोटारसायकल. वसुलीवाले येतात, म्हणतात बायको आहेस, फेडावंच लागेल. मागच्या आठवड्यात कागद आणला होता, म्हणे नुसती पोच आहे, सही कर, म्हणजे हप्ता कमी करून देतो. मी म्हटलं भावाला विचारते. माझ्या अंगावरच्या दोन पाटल्यांकडे बघून बोलत होते. काय करू?

उत्तर : भावाला विचारते म्हणालात, ते फार चांगलं केलंत. तो कागद तुम्ही परत पाठवलात तिथेच तुमचं मोठं संकट टळलं.

नवऱ्याचं कर्ज बायकोवर आपोआप येत नाही. त्या वेळी तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली होती का, एवढं आठवून बघा. केली नसेल तर नियम असा : मेलेल्या माणसाचं देणं त्यानं मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायचं. वारसाकडे जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. म्हणजे ते ११ हजार आणि ती मोटारसायकल. सासऱ्यांचं घर त्यात नाही, तुमचं अंगणवाडीचं मानधन नाही. पाटल्या माहेरच्या असतील किंवा लग्नात तुम्हाला घातलेल्या असतील तर त्या तुमचं स्त्रीधन आहेत, त्यांच्यावर त्या माणसांचा काडीचा हक्क नाही. कोर्टाच्या जप्तीतसुद्धा घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे यांना हात लावता येत नाही, मग कोर्टाविना दारात आलेल्यांची गोष्टच सोडा.

दुसरं, कर्ज देताना अशा कंपन्या पुष्कळदा कर्जदाराचा विमा उतरवतात आणि त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतात. मालकांच्या हातात पूर्ण दीड लाख आले होते, की थोडे कमी? मंजुरीचं पत्र शोधा, गादीखाली, टेम्पोच्या कागदांत, कुठेही असेल. त्यात ‘विमा’ किंवा ‘इन्शुरन्स’ असा शब्द आणि एखादी रक्कम दिसते का, भाचीला वाचायला सांगा. विमा असेल तर बाकी विमा कंपनीनं फेडायची. मृत्यूचा दाखला जोडून कंपनीकडे लेखी विचारणा करा. हे विचारायचं काम त्यांचं होतं, तुमचं नव्हे, पण ते आपणहून सांगत नाहीत.

मी का एवढं ठासून सांगते तेही ऐका. २०१२ मध्ये मी एका सहकाऱ्याबरोबर अशाच एका घरी गेले होते. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, विनातारण कर्ज होतं, मुदत संपायला चार महिने उरले होते. बाईंच्या अंगणात तीन शेळ्या बांधलेल्या. सहकाऱ्यानं कागद पुढे केला आणि म्हणाला, ‘वहिनी, नुसती पोच आहे.’ ती पोच नव्हती. तिच्या मजकुरात सगळं कर्ज त्यांनी स्वतःवर घेतलं होतं. मला वाचता येत होतं, त्यांना येत नव्हतं, आणि मी गप्प बसले. त्यांनी अंगठा दिला. दोन वर्षं त्या हप्ता भरायला शाखेत येत राहिल्या. पहिल्या दिवाळीनंतर मी विचारलं, शेळ्या कशा आहेत, तेव्हा म्हणाल्या, ‘विकल्या की बाई, तुमच्यासाठीच.’ त्यांचे ते पैसे मी परत मिळवून देऊ शकले नाही. तुमच्या दारात आलेला कागद मला त्यामुळे न बघताही दिसतो.

ते लोक पुन्हा येतील. दिवसाउजेडी आले तर दार लावून घेऊ नका, पण एकट्याही राहू नका. शेजारणीला, सासऱ्यांना बोलवा, अंगणातच उभं राहून बोला. नाव विचारा, ओळखपत्र बघा, भाचीला त्याचा फोटो काढू दे. ‘सही करणार नाही, अंगठा देणार नाही, कागद ठेवून जा’ एवढंच म्हणा. संध्याकाळी सातनंतर आले तर दार उघडू नका.

विट्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, दाखल्याची अट नाही. वाट सापडली नाही तर १५१०० वर फोन करा. जाताना मृत्यूचा दाखला, मालकांचं पासबुक, मोटारसायकलचं आरसी आणि कंपनीचं जे काही पत्र असेल ते पिशवीत घाला. आणि तो कागद त्यांनी ठेवून दिला, तर सही न करता त्याचा फोटो भाचीला मला पाठवायला सांगा. त्यात काय लिहिलंय ते मी तुम्हाला ओळ न् ओळ फोनवर वाचून दाखवीन.